डोळ्यांत साठलेली चांदी

डॉ. कुमुदिनी वझे यांच्या स्वारगेटजवळच्या नेत्रचिकित्सालयात मी नोकरी मागायला गेले, तेव्हा पदव्यांची जाडजूड फाइल त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी ती उघडलीच नाही. माझे हात पाहिले आणि म्हणाल्या, "नखं वाढलीत. पेशंटच्या डोळ्यात घालायचा विचार आहे का?" मी तिथेच नेलकटर मागितले. त्यांनी ते दिले आणि नोकरीही दिली. आज बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शिष्यवर्गाच्या वतीने लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. नखे कापूनच लिहायला बसले आहे.

बाईंच्या शस्त्रक्रियांविषयी इतरांनी लिहिले आहेच. मला सांगायची आहे ती त्यांची एक सवय. पेशंट समोर बसला की त्या डोळ्यांआधी त्याचे हात पाहत. आम्ही तरुण डॉक्टर पाठीमागे हसत असू, की बाई नेत्रतज्ज्ञ आहेत की ज्योतिषी.

हिंजवडीत तेव्हा संगणक कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीच्या बसवर चालक म्हणून निवड झालेले नामदेवराव खडकवासल्याकडच्या एका गावातून तपासणीसाठी आले. नजर उत्तम होती. पण यंत्रातून पाहिले तर कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरात निळसर करडी झाक. यकृताच्या एका आजारात तिथे तांबे साठते, हे मला तोंडपाठ होते. केस पेपरवर व्यवसाय 'चालक' लिहिलेला. मी शेरा मारला, 'यकृताचा गंभीर आजार संभवतो, तूर्त अपात्र', आणि कागद कंपनीकडे रवानाही केला.

दुसऱ्या दिवशी नामदेवराव पडलेल्या चेहऱ्याने थेट बाईंकडे आले. बाईंनी हात पाहिले. बोटांच्या टोकांवर काळपट डाग होते.

"आधी काय काम करत होतात?"

"चांदीचा मुलामा देत व्हतो. बावीस वर्सं. कारखाना बंद पडला."

"मग कागदावर ड्रायव्हर का लिहिलंत?"

"आता त्येच व्हायचं हाय न्हवं, म्हणून."

बाई मनापासून हसल्या. "अहो, तुमच्या डोळ्यांत चांदी साठली आहे. राहू दे. तिच्यामुळे दिसायचं काही अडलेलं नाही." तरीही त्यांनी यकृताच्या तपासण्या करून घेतल्या. सगळे ठीक निघाले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाठांतर छान आहे तुमचं."

दोन दिवसांत खुलासा पोचला नसता, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. बाईंनी पत्र लिहिले, पाकीट चिकटवले आणि मलाच पोचवायला धाडले. आत माझी काय शोभा केली असेल, या विचाराने वाटभर मी ते पाकीट उजेडाकडे धरून पाहत होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचले, मान डोलावली आणि मला चहा विचारला. नामदेवराव कामावर रुजू झाले.

या ग्रंथासाठी मी आठवणी गोळा करू लागले, तेव्हा आता निवृत्त झालेले नामदेवराव त्या पत्राची प्रत घेऊन आले. बाईंनी ती त्यांना तेव्हाच दिली होती. मी ती पहिल्यांदाच वाचली. 'पहिल्या तपासणीत निदान करताना माझी चूक झाली. हे गृहस्थ बस चालवण्यास सर्वस्वी योग्य आहेत.' खाली बाईंची सही. माझे नाव कुठेच नव्हते. मला रडू आले, हे लिहायला संकोच वाटत नाही.

बाई, ती चूक आपली नव्हती, माझी होती. सर्वांसमक्ष आज लिहून देते. यापुढे आमच्या चुका आमच्याच नावावर राहू द्याव्यात, आणि त्या दाखवायला आपण आणखी पुष्कळ वर्षे धडधाकट असावे.