विकायच्या घरातलं नवं किचन

घर विकायचं ठरलं आणि त्याच दिवसापासून मला आमच्या स्वयंपाकघराची लाज वाटायला लागली. इतकी वर्षं तिथे भाकऱ्या थापल्या तेव्हा कधी वाटली नव्हती. कडाप्प्याचा ओटा, त्याची एक कड उडालेली. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पत्र्याचे डबे, खाली तांदळाची आणि नागलीची पोती. सगळं उघडं, आल्यागेल्याच्या डोळ्यांत भरेल असं. घर बघायला कोणी आलं तर काय म्हणेल, या धास्तीने मी भर उन्हाळ्यात डबे घासत बसले.

विकायचं कारण म्हणजे माझे यजमान. एसटीत कंडक्टर होते. जव्हार ते मोखाडा, पुढे खोडाळा, या रस्त्यावरचा एकेक थांबा त्यांना झोपेतही सांगता यायचा. गेली दोनेक वर्षं त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग किल्ल्या, मग गेल्या पावसाळ्यात रस्ताच गेला. आमच्या जव्हारला पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरच्या घराचं दार दिसत नाही. त्या धुक्यात हे दूध आणायला गेले आणि आमची गल्ली सोडून सरळ पुढे चालत राहिले. त्या वेळी शेजाऱ्याने ओळखून हात धरून आणलं. नाशिकचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, पुढचा पावसाळा तिथे काढायचा नाही, आमच्याकडे यायचं." मी हो म्हटलं.

घर नुसतं कुलूप लावून ठेवता आलं असतं. पण घर आहे तोवर हे नाशिकहून जव्हारची गाडी पकडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळं विसरतील, एसटीत चढायचं विसरणार नाहीत. उतरायचं कुठे, ते मात्र विसरतील. म्हणून घर विकायचं, आणि तेही पावसाआधी.

घरं-प्लॉट दाखवणारा एक जण आहे, मी शिकवत होते त्याच शाळेत शिकलेला. तो आला, सगळं फिरून स्वयंपाकघराच्या दारात थांबला आणि म्हणाला, "बाई, लोक हॉल बघत नाहीत, किचन बघतात. मुंबईचे लोक शिरपामाळला येतात, हवा खातात आणि म्हणतात, इथे आपलं एक घर हवं. त्यांना ही मांडणी दाखवणार का तुम्ही?" शेजारीण नेमकी तेव्हा ताक द्यायला आली होती. ती म्हणाली, "विकायच्या घराला कशाला नटवायचं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" मला दोघांचंही पटलं. माझं हे असंच आहे. मला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती जागा मिळाली की पुरे.

मग मी दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघत सुटले. कोणाकडे बारसं असो की बारावं, माझा एक डोळा ओट्यावर. नव्या घरांतून सगळीकडे तेच, गुळगुळीत दारांची कपाटं, आत सरकणाऱ्या ट्रॉल्या, बाहेर एक चमचा दिसेल तर शपथ. हात लावून बघायचे, घरी येऊन आमच्या मांडणीकडे बघायचे आणि जीव खालीवर व्हायचा. केलं आणि घर विकलं नाही तर? नाही केलं आणि त्याचमुळे विकलं नाही तर? आणि मग पाऊस आला तर? ऐकावं जनाचं करावं मनाचं म्हणतात, पण मन काही सांगेल तेव्हा ना. शेवटी मुलगा म्हणाला, "करून टाक गं, आमच्याकडेही नवीन केलंय, छान वाटतं," आणि मी सुताराला बोलावलं.

ओट्याला नवा कडाप्पा बसला, मांडणी भंगारात गेली. तिच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत सायीच्या रंगाची कपाटं आली. दारं अशी की ढकलली तरी आवाज न करता हळूच मिटायची. पोती, डबे, बरण्या, सगळं त्यांच्या पोटात गेलं. मी दहा वेळा दारं उघडली आणि मिटली. खोटं कशाला बोलू, फार आवडलं मला ते.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "सामान कुठे गेलं?"

"आत आहे," मी म्हटलं, एक दार उघडून दाखवलं आणि पुन्हा लावलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं.

त्यानंतर काही दिवसांतच ह्यांनी आगोट भरायला घेतली. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. आमच्या डोंगरात पाऊस लागला की बाजार ओसरतो, रस्ता खचतो, म्हणून कांदे, मीठ, सुकट, डाळ, काड्यापेट्या सगळं आधीच घरात घेऊन ठेवायचं. तांदूळ-नागली साखरशेतहून माझ्या भावाकडून येतात, पण बाकीची आगोट भरणं हे नेहमी ह्यांचं काम आणि लावून ठेवणं माझं. बाजार आमच्या घरापासून सरळ रेषेत, ती वाट त्यांची अजून शाबूत होती, म्हणून मी जाऊ देत होते. त्यांनी मीठ आणलं, मी ट्रॉलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ. मग सुकट, मग पुन्हा सुकट.

"अहो, मिठागर काढायचंय का?" मी चिडून विचारलं.

"घरात नाही ना," ते म्हणाले, अगदी शांतपणे.

आजार एकदा घरात शिरला की सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडता येतं. मीही फोडलं. मुलाला फोन करून सांगितलं, वाढलंय रे त्यांचं. आणि रोजचं रोज सामान कपाटात कोंबत राहिले. कपाटं मोठी होती, सगळं गिळायची.

पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं आलं, नवरा-बायको. मी सकाळपासून उदबत्त्या लावून सुकटीचा वास घालवत होते. बाईंनी स्वयंपाकघरात डोकावून मागच्या खिडकीतून दरी बघितली, फोटो काढला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ही भिंत पाडू या. हे सगळं काढूनच टाकावं लागेल." हे सगळं म्हणजे माझी सायीच्या रंगाची कपाटं. त्यांना म्हणे तिथे नुसती काच हवी होती. ते गेल्यावर शेजारीण काही बोलली नाही, फक्त हसली. तिने बोललेलं परवडलं असतं.

दुसरं गिऱ्हाईक मोखाड्याकडचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, त्याची बायको आणि आई. पोरांना जव्हारच्या शाळेत घालायचं, म्हणून घर हवं होतं. मास्तर आणि बायको खूश दिसले. आई मात्र वयाने मोठी, शेतात राबलेली, तिने कोणाला न विचारता कपाटाचं एक दार उघडलं. मग दुसरं, मग तिसरं. आत मीठ, कांदे, सुकट, डाळी, खालपासून वरपर्यंत. तिने सगळी दारं नीट लावली आणि बाहेर पडवीत जाऊन बसली.

मी पाणी घेऊन गेले. "आवडलं नाही का किचन, आजी?"

"ओटा चांगला हाय," ती म्हणाली. "पन तुमाला जायचा नाय, बाई."

"जायचंय हो. पावसाआधी जायचंय."

"जायचा आसतां तं आगोट कशाला भरेल? आगोट भरेल घर म्हंजे बसेल घर. बसेल घराला आमी उठवनार नाय. तसा कोनी घेत नाय आमच्यात. घर मोकला करा, मंग बोलवा."

मास्तर ओशाळला, तिला समजावू लागला. पण आगोट भरलेलं घर म्हणजे बसलेलं, नांदतं घर, हे तिचं खरंच होतं. माझ्याच माहेरी कोणी हलणार असलं की आधी त्याचं धान्य हलतं, मग भांडी, मग माणसं. मी साखरशेतची पोर, मला हे कळू नये! मी कपाटांचा रंग बघत बसले आणि तिने दोन मिनिटांत घर वाचलं.

मग मला घाई सुटली. जूनचे पहिले दिवस, आभाळ खाली आलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटं उपसायला घेतली आणि एकेक पोतं, एकेक पिशवी शेजारणीकडे नेऊन टाकू लागले. हे आतल्या खोलीत पडले होते. चौथ्या की पाचव्या फेरीला परत आले तर खोली रिकामी, चपला नाहीत. आणि बाहेर धुकं उतरलेलं.

मी तशीच पळाले. वाण्याच्या दुकानात गेले, तर तो म्हणाला, "आत्ताच गेले की, कांद्याची गोणी घेऊन." कुठल्या दिशेने, ते त्याने पाहिलं नव्हतं. एसटी स्टँडवर नव्हते. डेपोच्या फाटकाशी नव्हते. रस्त्यावर हाताच्या अंतरापलीकडे काही दिसेना. जन्मात कधी नवऱ्याला नावाने हाक मारली नाही, त्यामुळे धुक्यात "अहो, अहो" असं ओरडत होते, आणि तीनचार अनोळखी माणसांनी "ओ" दिली. एरवी हसले असते. त्या दिवशी प्रत्येक "ओ"ला धावत जायचे, दुसराच चेहरा निघायचा. दरीकडच्या बाजूला बघायचीही हिंमत झाली नाही.

शेवटी शेजारणीने मला ओढून घरी आणलं. बसलेच नाही मी. उंबऱ्यात उभी होते. बऱ्याच वेळाने एक वडापची, रस्त्यावरची माणसं भरून नेणारी जीप दाराशी थांबली आणि हे उतरले, भिजलेले, गोणी खांद्यावर. जीपवाला त्यांना ओळखत होता, एकाच रस्त्यावरची माणसं. म्हणाला, "मोखाड्याच्या रस्त्याला चालत व्हते, बाई. पार गावाच्या भायेर. मी म्हनलं कंडक्टरसाहेब, कुठं? तं मला म्हनतात, पाऊस आला, बायको घरात एकली हाय, घरात दाना नाय."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. भिंतीला टेकून रडले. शेजारीण समोर होती तरी रडले. रस्ता विसरलेला माणूस, गाव विसरलेला माणूस, आणि मी उपाशी राहीन म्हणून धुक्यात निघाला होता.

हे गोणी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले आणि पहिल्यांदाच ते कुठे बघतात ते पाहिलं. ते बघत होते त्या गुळगुळीत, मिटलेल्या दारांकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे एक डबा नाही, एक पोतं नाही. त्यांच्या दृष्टीने ते घर रिकामं होतं. सगळ्या सामानाला दारं लावल्यापासून रोज सकाळी उठून ते एका रिकाम्या घरात येत होते, आणि रोज ते भरायला बाहेर पडत होते. वेड त्यांना लागलं नव्हतं. ते मी करवून घेतलं होतं, सुतार लावून.

शेजारणीला म्हटलं, सगळं परत आण. आणि मी शिवणयंत्राच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर काढला. स्टुलावर चढून एकेक दार उतरवलं. काम नीट केलं होतं मेल्या सुताराने, स्क्रू सुटता सुटेनात, तळहाताला फोड आला. दारं भिंतीला टेकवून ठेवली. मग डबे समोर घेतले, पोत्यांची तोंडं बाहेर वळवली, कांदे खालच्या फळीवर पसरले. हे ओट्याजवळ उभे राहून बघत होते. एका डब्यावर त्यांनी हात ठेवला, उचलून जड आहे का ते पाहिलं.

"भरलंय की," ते म्हणाले. खुर्ची ओढून बसले. "आता येऊ दे पाऊस."

त्या दिवसानंतर ते बाजाराला निघाले नाहीत. मास्तरला मी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्याने आईला विचारून कळवलं, आगोट संपवा, दिवाळीनंतर आमी येतो, तवर दुसरीकडं बघत नाय. आमच्या बाहेरच्या दाराला मी उंच कडी बसवून घेतली. पावसाळा इथेच काढायचा होता, ज्याला भिऊन हा सगळा खटाटोप केला तोच. भीती गेली नव्हती. अजून नाही. धुकं खिडकीशी आलं की मी ह्यांची खुर्ची भरलेली आहे ना ते बघून येते.

पण त्याहून मोठी काळजी दिवाळीनंतरची होती. मुलाच्या घरचं किचन मी पाहिलं होतं. एकसारखी पांढरी दारं, मुठीसुद्धा नसलेली, सुनेने हौसेने करून घेतलेली. तिथे हे सकाळी उठतील, बघतील, आणि नाशिकच्या रस्त्यावर चालायला लागतील. तिथे कोणता जीपवाला ओळखणार आहे त्यांना? दोन दिवस फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. दुसऱ्याच्या संसारात हात घालायचा तरी किती?

शेवटी लावला. मुलाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आम्ही यायच्या आधी तुझ्या किचनची दारं काढून ठेवशील का?"

"आई, आत्ता तर केलंय ते," तो म्हणाला.   पलीकडे काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं आणि फोन सुनेच्या हातात गेला. आता काय ऐकायचं, म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

ती म्हणाली, "आई, वरची काढते मी. खालचीपण काढू का? बाबांना बसल्यावर खालचीच दिसतील ना."