आईचा नंबर, माझा नकार

आमच्या गल्लीतल्या बहुतेकांची तब्येत माझ्यामुळे सुधारली. अपवाद माझ्या आईचा.

मी कमी बोलणारा माणूस. लोक याला स्वभावाची गोडी समजतात. खरं म्हणजे मला 'नाही' म्हणता येत नाही, आणि 'हो' म्हणायला फारसं बोलावं लागत नाही! पन्नाशी उलटली, आता लपवून काय करायचं?

उचगावातल्या आमच्या दवाखान्यात पूर्वी चपलांचा नंबर असायचा. पहाटे बंद शटरपुढं ओळीनं चपला ठेवायच्या आणि अनवाणी घरी येऊन चहा प्यायचा. एकदा कुणाची तरी कोरी कोल्हापुरी रांगेतून पुढं सरकण्याऐवजी थेट दुसऱ्याच्या घरी गेली, भांडण डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचलं आणि फोनवर नंबर सुरू झाले. सकाळी सातला कंपाउंडर बबन फोन घेणार. एका फोनवरून तीनच नावं. दुपारी तो स्वतःच्या मोबाइलवरून ज्याचं नाव त्यालाच उलटा फोन करून विचारणार, येताय ना? नाही म्हणणाऱ्याचा नंबर दुसऱ्याला.

सातला तो फोन कुणालाच लागत नाही. मला लागतो. (बाकीचे दोनदा लावून शिव्या देतात, मी मुकाट्यानं लावत राहतो.) डॉक्टरांच्या हाताला गुण आणि माझ्या बोटाला, असं गल्लीत झालं.

अशात आईला सकाळी उठलं की गरगरायला लागलं. सत्तरी ओलांडलेली बाई, न्हाणीत पडली म्हणजे? मी निश्चयानं फोन घेऊन बसलो. लागला! तेवढ्यात फाटकावर समोरचे तात्या, खांद्यावर टॉवेल.

"लागला व्हय? माझं नाव घाल की पयलं. गुडघा लई बोंबलतोय."

घातलं. मागून त्यांच्या बायकोनं पित्ताचं सांगितलं. तेही घातलं. तिसरं नाव आईचं म्हणून तोंड उघडतो, तर तात्यांनी मुरगूडहून आलेल्या पावण्यांना पुढं केलं. पावण्यांना काहीच झालं नव्हतं, पण आलोच आहे तर दाखवून जातो म्हणाले!

"घरचीच हाय की मी," आई आतून म्हणाली. "मला काय, उद्या गरगरंल."

दुसऱ्या दिवशी गरगरलं, आणि नावं पुन्हा दुसऱ्यांचीच लागली. तिसऱ्या दिवशी तेच. मग एका सकाळी आईनं तोल जाताना ओट्याचा आधार घेतला आणि दुधाचं पातेलं खाली आलं. आई वाचली. दूध पुसता पुसता बायको एकदाच बोलली, "उद्या आईंचा नंबर न्हाय लागला तर त्यांना घिऊन मी कबनूरला माहेरी जाते. तिथं माझा भाऊ हाय. त्याला बोलता येतं."

हे मात्र लागलं. त्या रात्री न्हाणीत दार लावून मी 'नाही' म्हणायचा सराव केला. (आधी हळू, मग नळ सोडून मोठ्यानं.)

सकाळी पहिलं नाव आईचं घातलं, मोबाइल माझा सांगितला आणि फोनच ठेवून दिला. फाटकावर तात्या होतेच. मी म्हणालो, "तात्या, न्हाय." तात्यांनी टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मला बरं नाही का, असं माझ्या बायकोला विचारलं.

मला अंगात वारं भरल्यासारखं झालं. दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस दवाखान्याच्या नंबराचं काहीतरी बोलू लागला. आता अख्खं गाव मागं लागलंय तर! मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"न्हाय. आज न्हाय जमणार. परत फोन करू नका."

हेडक्लार्कनं मान वर करून पाहिलं. मी छाती काढून बसलो.

संध्याकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षात बसली. दवाखान्यात बबननं आमच्याकडं भूत बघितल्यासारखं बघितलं.

"दुपारी तुम्हीच म्हणालासा की, न्हाय जमणार. वर परत फोन करू नका. नंबर दिला तात्यास्नी."

तात्या आत होते. बबननं भरलेल्या बाकड्यांना विचारलं, या आजींना पुढं सोडू का? सगळे एका सुरात नाही म्हणाले. इतकं सहज! मी आदरानं त्यांच्याकडं बघत राहिलो.

आई मात्र उठली, भिंतीला हात धरत सरळ चालत गेली आणि डॉक्टरांचं दार ढकललं. तात्या गुडघा उघडा टाकून बसले होते.

"तात्या, झाक त्यो. गेल्या आठवड्यातच दावलायस," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. "डाक्टर, उठलं की घर फिरतंय. पोराच्या भरवशावर ऱ्हायले तर मी जाईन आणि गल्ली शंभर वर्सं जगंल."

डॉक्टरांनी नीट तपासलं. रक्तदाब वाढला होता, वेळेवर आलात म्हणाले. गोळ्या, कमी मीठ, महिन्यानं पुन्हा. मला इतकं हायसं वाटलं की डोळे पुसावे लागले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा उतरलाय तुमचा, म्हणाले. ताकदीचं एक इंजेक्शन कमरेत देऊन टाकू का?

मला काही झालेलं नव्हतं. आई बघत होती, तात्या बघत होते, आणि सरावही ताजा होता.

हे सगळं मी उभ्यानं लिहितोय.