तळातली द्राक्षं

मॅडम द्राक्षं कधी वरची घ्यायच्या नाहीत. गंगापूर रोडवरच्या गाडीपाशी थांबल्या की सरळ खोक्याच्या तळाशी हात घालायच्या. द्राक्षवाला वैतागायचा. "बाई, सगळा माल सारखाच हाय. खालवर नका करू." मॅडम तळातलं एक द्राक्ष काढून त्याच्यापुढे धरायच्या. बहुतेक वेळा ते पिचलेलं असायचं.

त्या आम्हाला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या दशकात नाशकात शिकलं असेल तर ठाऊक असेल, इंजिनिअरिंग हुकलेली मुलंच त्या वर्गात येत. मी त्यांतलाच. प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी मॅडमना तोंडावरच विचारलं, "हे शिकून पोरगा करणार काय?"

"विमा कंपनी, औषध कंपनी, सरकारी खातं, नाहीतर अंबडचे कारखाने," मॅडम म्हणाल्या. "जिथे चूक महागात पडते, तिथे आमच्या मुलांना नोकरी मिळते."

वडिलांनी फी भरली.

मॅडमचा एक प्रश्न कायम जिभेवर असे, "नमुना कुठून घेतला?" मॅडमच्या शेजारचे जोशीकाका सॅम्पल फ्लॅट बघून हरखून आले, तर त्यांनाही हेच. "बिल्डरने दाखवला तोच बघितलात ना? मग तुमचा कुठे बघितलात?" काका महिनाभर बोलले नाहीत. राहायला गेल्यावर त्यांच्या भिंतींना ओल आली. तेव्हापासून गल्लीतले लोक मॅडमना चांगली बातमी सांगायला बिचकू लागले. हसत हसतच, पण बिचकायचे.

पुढे मी अंबडला क्वालिटी खात्यात लागलो. एकदा मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना बघायला आल्या. ब्रेकचे सुटे भाग ट्रेमध्ये एकावर एक रचून ठेवले होते आणि बाहेर ट्रक उभा होता. "एकदम ओके माल, मॅडम," तपासणारा म्हणाला.

"नमुना कुठून घेतला?"

वाकायला लागू नये म्हणून तो वरच्याच ट्रेमधून भाग उचलायचा. मॅडमनी सगळ्यांत खालचा ट्रे काढायला लावला. त्यातल्या भागांना केसाएवढी चीर होती. ट्रक थांबवला. साहेबांनी मॅडमचे आभार मानले, मला मात्र त्या दिवशी मॅडमची भीतीच वाटली.

काही वर्षांनी मॅडमच्या मानेवर गाठ आली. सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला. मिस्टरांनी पेढे वाटले. मी एका दुपारी द्राक्षांचं खोकं घेऊन भेटायला गेलो. गाठ आधीपेक्षा मोठी दिसत होती. सुई गाठीत नेमकी कुठे लागली होती, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. आता मॅडम विचारतील, मग विचारतील, म्हणून मी चहा संपेपर्यंत वाट पाहिली.

शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, नमुना कुठून घेतला? एकदा परत तपासू या ना."

मिस्टर मोठ्याने हसले. "घ्या! तुमचाच शिष्य!"

मॅडम हसल्या नाहीत. "अरे, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तोवर हाच रिपोर्ट राहू दे."

लग्न झकास झालं. द्राक्षांचा पुढचा हंगाम मात्र मॅडमनी पाहिला नाही.

त्या आठवल्या की अजून तीच दुपार समोर येते. त्यांनी खोकं पुढे ओढलं, वरचाच घड उचलला, न बघता एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "गोड आहेत रे. सगळीच गोड असतील."