रशिदाबाईंचं ‘दिसतंय’

रशिदाबाईंनी गोऱ्या साहेबाला भर कारखान्यात इंग्रजीतून शिव्या घातल्या, ही बातमी एकाहत्तर साली आमच्या गल्लीत सकाळच्या चहाआधीच फिरली. दुपारपर्यंत साहेबानं टोपी काढून माफी मागितली होती आणि संध्याकाळी तर तो रडलासुद्धा. सगळं खोटं. मी तिथं होतो. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर मला एवढा अचंबा वाटला नसता. शिव्या काय, आम्हालाही येतात.

रशिदाबाई माझ्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. माहेर कुरुंदवाडचं, वडील मीरासाब शिंपी. बाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि घरी शिकवणी घ्यायच्या. पोरींना खिडकीत उभं करायचं आणि रस्त्यावर जो दिसेल त्याच्याबद्दल वाक्य करायला लावायचं, ही त्यांची पद्धत. अट एकच, जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं. एकदा मी दारात बसलेला बघून एक पोरगी ओरडली, “ही इज अ लेझी मॅन!”

“तू त्यांच्या घरात राहतीस काय?” बाई आतनं म्हणाल्या. “मग ‘ही लुक्स लेझी’ म्हण. आळशी दिसतात. हायत का न्हाईत, ते त्यांच्या बायकोला ठाऊक.”

“हायतच!” माझ्या बायकोनं भिंतीपलीकडून शिक्का मारला.

आता कोल्हापुरात हे असलं ‘दिसतंय’ आणि ‘वाटतंय’ खपायचं कसं? आमच्याकडं माणूस एक तर भारी असतो, न्हाय तर भिकार. मी तर बाईंना विचारायचो, “बाई, नाव तरी रशिदाच हाय न्हवं, का नुसतं तसं दिसतंय?” त्या हसून सोडून द्यायच्या.

उचगावच्या रस्त्याला हंबीररावांचा ओतकामाचा कारखाना होता. मी तिथं गेटवर टाईमकीपर. पंपाचे भाग बघायला विलायतेचा एक इंजिनिअर येणार होता, तेव्हा दुभाषी म्हणून बाईंचं नाव मीच सुचवलं.

साहेबानं पंपाचं एक कवच उचललं, अंगावरची बारीक भोकं बोटानं चाचपली आणि म्हणाला, “इट लुक्स अ‍ॅज इफ द सँड वॉज डॅम्प.”

हंबीररावांना त्यातलं ‘सँड’ आणि ‘डॅम्प’ एवढंच कळलं, आणि तेवढं त्यांना पुरलं. “वाळू ओली! पिराज्या, साचा तू भरलास न्हवं? चल, नीघ आत्ताच्या आत्ता!”

पिराजी जुना साचेवाला, वाळू थापून साचे भरणारा. साहेबानं माल नापास केला म्हणून हाकललेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या भट्टीवर कोण उभं करणार? त्यानं हातातली थापी हळूच खाली ठेवली. मालकापुढं बोलायची छाती कुणाची?

“थांबा,” बाई म्हणाल्या. “वाळू ओली असावी असं दिसतंय, असं म्हणाले साहेब. ओली होती, असं न्हाईत म्हणाले.”

“एकच की ओ, बाई!”

“एक कसं? भोकं बघून त्यांना वाटलं ते बोलले. वाळू बघितलीया कुठं त्यांनी?”

मग त्यांनी साहेबाकडं वळून, पोरींना विचारावं तसं शांतपणे इंग्रजीत विचारलं, तुमची खात्री आहे का? आणि पिराजीकडं बोट करून, याला आत्ता कामावरनं काढतायत, हेही सांगितलं. साहेब दचकला. आपल्या एका अंदाजावर इथं माणूस घरी चाललाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. “नो, नो,” तो घाईनं म्हणाला. फोडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असा त्याचा एकंदर सूर होता.

घण पिराजीनंच घातला. आत बघतोय तर भोकं सगळीकडं नव्हतीच. साच्याचा गाभा धरून ठेवायला लोखंडाच्या बारक्या टेकण्या बसवतात, त्यांच्याभोवतीच ती दाटलेली. पेटीतल्या उरलेल्या टेकण्या काढल्या तर गंजून लाल! हंबीररावांनी त्या स्वतः भंगारवाल्याकडनं स्वस्तात आणलेल्या.

साहेब वाकून बघत पुटपुटला, “इट वुड सीम टू बी द रस्ट.”

हंबीररावांना घाम फुटला. “बाई, काय म्हणतोय त्यो?”

सगळ्या कारखान्यानं कान टवकारले. बाईंच्या जागी मी असतो तर शिरोळपर्यंत ऐकू जाईल असा ढोल पिटला असता. पण बाई मघाच्याच आवाजात म्हणाल्या, “गंजामुळं झालं असावं, असं त्यांना दिसतंय. नक्की म्हणत न्हाईत.”

मी थट्टेखोर माणूस, पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. पिराजीवर जेवढी सावली धरली होती, तेवढीच बाईंनी मालकावर धरली. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. आम्ही जन्मभर खणखणीत बोलत आलो आणि त्यालाच खरं बोलणं समजत आलो. इतक्या हळू बोलण्यात एवढं बळ असतं, हे मी तोवर कधी बघितलंच नव्हतं.

हंबीररावांनी एक गंजकी टेकणी बुटानं बाजूला सारली. मग म्हणाले, “पिराजी, उचल थापी. नव्या टेकण्या आणतो.” आणि चारचौघांत आपला तोरा राखायला बाईंवर घसरले, “पण बाई, माझ्या मोटारीतनं आलासा, आन् बाजू घेतलीसा पिराजीची?”

बाई पदर सावरत म्हणाल्या, “मी बाजू घ्यायला आलतेच न्हाय. साहेबांचं बोलणं सांगायला आलते. त्यात पिराजीला काढा, असं कुठं न्हवतं.”