मागून झाल्यावर गप्प बसावे

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्या झाल्या, मला म्हातारं आणि श्रीमंत व्हायला सांगण्यात आलं. म्हातारं होण्यात फारसा अभिनय करावा लागला नाही. गोंदियातल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही निरनिराळ्या संस्थांसाठी देणग्या मागणारे लोक जमलो होतो. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडमनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही दाते. वय पंचाहत्तर, तब्येत नाजूक, मालमत्ता भरपूर, मुलं परदेशात." मग डोळ्यांच्या दवाखान्यासाठी निधी जमवणाऱ्या एका तरुण मुलीला त्यांनी माझ्यासमोर बसवलं. मृत्युपत्रात त्या दवाखान्याची आठवण ठेवा, हे तिनं मला पटवायचं होतं.

मी या कामात उतरत्या वयात आलो. आधी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर तिरोड्याच्या बाजूला मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका ट्रस्टनं बोलावून घेतलं. जंगलपट्ट्यातल्या गावांमधल्या मुली तिथं राहून शाळा शिकतात. माझ्या कार्डावर 'वारसा-देणगी समन्वयक' असं छापलं आहे. ते पाहून बायकोनं विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय?" मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचं." ती म्हणाली, "ते तर तुम्ही फुकटही करता."

तिचं चूक नव्हतं. फरक इतकाच, की आता बसून आल्यावर अहवाल द्यावा लागतो. आणि या कामात कुणाची तब्येत विचारणं पूर्वीसारखं निर्मळ राहत नाही. आमचे सचिव दर तिमाहीला मला विचारतात, "मावशींची तब्येत कशी आहे?" आवाजात काळजी असते, पण ती कसली काळजी आहे ते आम्हा दोघांनाही माहीत असतं.

या मावशी म्हणजे तिरोडा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या धानाच्या शेतकरी. नवरा जाऊन बराच काळ झाला, मूलबाळ नाही, एक पुतण्या आहे. वसतिगृहाला त्या दरवर्षी तांदूळ पाठवत आल्या. मी कामाला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आपणहून सांगितलं, की त्यांच्यामागं शेत वसतिगृहाला द्यायचं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुतन्याले देल्लं तं तो विकन. तुमाले देल्लं तं पोट्ट्या खातीन." माझ्या एकाही सादरीकरणाचा त्यात हातभार नव्हता. तरी कार्यालयाच्या अहवालात ते माझंच यश म्हणून लागलं.

मृत्युपत्राच्या मसुद्यात एक अट होती. शेताच्या वरच्या अंगाला त्यांची बोडी आहे, म्हणजे मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेलं लहानसं तळं. ही बोडी बुजवू नये, आणि खालच्या शेतांना तिचं पाणी आजवर जसं मिळालं तसं मिळत राहावं, एवढंच. खालची शेतं त्यांची नाहीत. तीन-चार घरांची आहेत, आणि ती सगळी भारी धान लावतात. भारी धान उशिरा निसवतं, म्हणजे त्याच्या लोंब्या उशिरा बाहेर पडतात. पाऊस थांबल्यावर त्याला एक शेवटचं पाणी लागतं, आणि ते बोडीशिवाय दुसरीकडून येत नाही.

सचिवांना नेमकी बोडीचीच जागा हवी होती. ती डांबरी रस्त्याला लागून आहे. मातीची भर घातली की तिथं 'कौशल्य विकास भवन' उभं राहील, पाहुण्यांच्या गाड्या थेट दारापर्यंत येतील, असं चित्र त्यांनी एका वास्तुविशारदाकडून काढूनसुद्धा घेतलं होतं. चित्रात हिरवळ होती आणि हिरवळीवर टाय लावलेली, बहुधा परदेशी, माणसं चालत होती. मला प्रशिक्षणाला पाठवताना ते म्हणाले, "अटी सोडवून कशा घ्यायच्या, तेवढं नीट ऐकून या. बाकीचं नाही ऐकलं तरी चालेल."

तर मी दात्याच्या खुर्चीत बसलो. दवाखान्याच्या मुलीनं माझी विचारपूस केली, माझ्या नसलेल्या मुलांचं कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, "सर, आपल्या मृत्युपत्रात आमच्या दवाखान्याला स्थान देण्याचा विचार कराल का?" आणि गप्प बसली. हा त्या सत्राचा मुख्य धडा होता. मागून झाल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. जो आधी बोलतो तो हरतो. मॅडमनी पडद्यावर तसं मोठ्या अक्षरांत दाखवलं होतं.

मीही गप्प बसलो. हॉलमध्ये सगळे श्वास रोखून पाहत होते. वरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानाची घरघर गेली, परत आली, परत गेली. तिकडेही कुणीतरी कुणाकडून तेच तेच गिरवून घेत होतं. शेवटी ती मुलगी हसली आणि म्हणाली, "सर, बोला ना काहीतरी!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी गोशाळेसाठी वर्गणी जमवणारे गोंदियाचे एक गृहस्थ बसले होते. ते कानाशी येऊन म्हणाले, "मास्टरजी, आपसे तो यमराज भी चंदा नहीं निकाल सकता."

अटींवरचं सत्र चहानंतर झालं. मॅडम वाईट नव्हत्या. आवाज गोड होता, तयारी चोख होती, आणि आपण जे सांगतो त्यावर त्यांचा विश्वास होता. या शेवटच्या गोष्टीचा मला जरा हेवाच वाटला. त्यांनी अटमुक्त देणगीचे फायदे सांगितले, आणि दात्याला म्हणायचं एक वाक्य दिलं: "तुमच्या इच्छेला आम्ही बांधील आहोतच, मग ती कागदावर कशाला?" हे वाक्य आम्ही जोडीदाराला तीनदा म्हणून दाखवायचं होतं. गोशाळेच्या गृहस्थांनी मला ते इतक्या प्रेमानं म्हणून दाखवलं, की मी खिशाला हात लावून पाहिला.

प्रशिक्षण संपल्यावर दोन-तीन दिवसांनी मी मावशींकडे गेलो. ऑक्टोबरचं ऊन होतं. धान निसवून आलं होतं, बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या खाचरांमधलं, पाणी खाली गेलं होतं, आणि दूर वीजकेंद्राच्या धुराड्यांवर धूर एकाच जागी थांबल्यासारखा दिसत होता. मावशी ओसरीवर टोपलीभर शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. बोडीतलेच शिंगाडे, ओले, हिरवे-लालसर.

"बसा जी मास्तर. च्या मांडतो."

"चहा नंतर, मावशी. एक बोलायचं होतं."

"बोला. हात चालू द्या पन." त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली.

मी शिंगाडा हातात घेतला आणि शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. वसतिगृहातल्या मुलींचं सांगितलं, मावशींचा तांदूळ त्या कशा खातात ते सांगितलं. मग विचारलं, "ती बोडीची अट मृत्युपत्रातून काढायचा विचार कराल का?" आणि गप्प बसलो.

मावशीही गप्प बसल्या. त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्या सोलत राहिल्या. मीही सोलू लागलो. ओल्या शिंगाड्याची शिंगं बोटात टोचतात, त्यामुळे लक्ष तिकडेच ठेवावं लागतं. समोरून एक कुत्रं गेलं. मागच्या घरी कुणीतरी कुणाला हाका मारल्या, मग त्या थांबल्या. टोपली निम्मी झाली. पडद्यावरच्या त्या मोठ्या अक्षरांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की शांतता माणसाला सहन होत नाही. या ओसरीवर दुपारच्या दुपारी अशाच जात असाव्यात. इथं हरायला कुणाला घाईच नव्हती.

शेवटी मावशींनी मान वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बिमार आहा का जी? बोलून नाही राहिले."

हरलो की जिंकलो, हे मला कळलं नाही. मी म्हटलं, "नाही हो, ठीक आहे." आणि राहिलेलं वाक्य म्हणून टाकलं. "तुमच्या इच्छेला आम्ही बांधील आहोतच मावशी, मग ती कागदावर कशाला?"

"हाव, तेही खरंच हाय," त्या लगेच म्हणाल्या. "मीही वकिलाले तेच म्हटलं. मास्तर हाय ना, मंग लिवून कायले ठेवाचं? चला, काढून टाकू."

इतकं सोपं झालं. खूप वर्षं त्या ओसरीवर बसून मी जे कमावलं होतं, त्याला प्रशिक्षणात 'नातेसंबंध' म्हणत. ते इतकं पक्कं झालेलं होतं, की मावशींनी माझ्या भरवशावर बोडी एका वाक्यात सोडून दिली. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मावशी उठल्या, हात पुसले आणि चपला घालू लागल्या.

"कुठं?"

"पाळीवर. तथी बोलू."

त्या गावात पाण्याची कुठलीही गोष्ट घरात बोलत नाहीत. पाणी कधी सोडायचं, कुणाच्या बांधीत आधी, ते सगळं बोडीच्या पाळीवर उभं राहून, ज्याचं शेत असेल त्याच्यासमोर ठरतं. पाळीवर बोललेलं मोडत नाहीत. मला हे माहीत होतं, पण या व्यवहाराला ते लागू पडेल असं डोक्यात आलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये पाळ नव्हती.

आम्ही पाळीवर जाऊन उभे राहिलो. बोडी शिंगाड्याच्या पानांनी झाकली होती. खालच्या बांधीत एक शेतकरी कमरेवर हात ठेवून धानाकडे पाहत होता. माझ्याहून थोडा लहान असेल. मावशींनी त्याला हाक मारली, "ये रे वर्तं! मास्तर काही बोलून राहिले, आयकून घे."

तो वर आला. मावशी त्याला म्हणाल्या, "कागदातली बोडीची गोष्ट काढून राहिलो. मास्तर जबान देतेत, आपल्या मांगं बोडी राहीन, पानी राहीन. बोला जी मास्तर."

दोघं माझ्याकडे पाहू लागले. मी पुन्हा गप्प. या वेळी कुणी शिकवलं म्हणून नव्हे.

यात थोरपणाचा काही भाग नाही, हे सांगून ठेवतो. मी थकलो होतो. तीन दिवस हॉटेलातलं पनीर खाल्लं होतं, भर उन्हातून आलो होतो, आणि सचिवांनी काढून घेतलेलं ते हिरवळीचं चित्र आणि समोरची ही पानं, दोन्ही एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याचे कष्ट माझ्याच्यानं होईनात. खोटं बोलायला जेवढी ताकद लागते तेवढी शिल्लक नव्हती.

"माझी जबान घेऊ नका," मी म्हटलं. "अट काढली तर बोडी राहणार नाही. सचिवांना इथं इमारत बांधायची आहे. मी आज आहे, उद्या दुसरा कुणी असेल. माझं कोण ऐकतं?"

शेतकरी सावकाश म्हणाला, "मंग तुम्ही अट काढाले आले का ठेवाले आले?"

"काढायला आलो होतो."

"आता?"

"आता पाय दुखून राहिले," मी म्हटलं. का कोण जाणे, त्याच्याच बोलीत.

तो हसला नाही. वाकून पाळीवरचं एक ढेकूळ उचललं, पायाखालच्या खळग्यात बसवलं आणि टाचेनं दाबलं. मावशी मात्र माझ्यावर चिडल्या.

"मंग हे ओसरीवर काऊन नाही सांगतलं? इतके शिंगाडे सोलून घेतले तुमच्या हातानं, मले वाटलं मानूस बिमार पडला!"

परत येताना त्यांनी सोललेले शिंगाडे पिशवीत भरून दिले. चहाही पाजला. पण त्या दिवसापासून त्या मला कुठलीच गोष्ट निव्वळ माझ्या भरवशावर सोडत नाहीत, आणि ते बरंच आहे.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः तिरोड्याला वकिलाकडे गेल्या. अट काढली नाही. उलट तिच्याखाली आणखी एक ओळ आली: बोडी बुजवली, तर शेत वसतिगृहाकडून निघून खालच्या शेतकऱ्यांकडे जाईल. सचिवांनी मसुदा दोनदा वाचला. "हे शिकून आलात तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गप्प बसायला शिकवलं होतं. तेवढं जमलं." त्यांना ते आवडलं नाही. तरी मुलींना तांदूळ लागतो आणि मिळत असलेलं शेत नाकारलं असं कुणाला सांगता येत नाही. ट्रस्टनं मान्य केलं. हिरवळीचं चित्र अजून सचिवांच्या खोलीत आहे. टाय लावलेली माणसं अजून चालत आहेत.

यंदाच्या प्रशिक्षणात मॅडमनी आमच्या अहवालातून उचललेली माझी हकीकत पडद्यावर दाखवली. मथळा होता 'दात्याच्या इच्छेचा सन्मान'. मागच्या वर्षीचं 'कागदावर कशाला' हे वाक्य त्यांनी गाळलं होतं. कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. गोशाळेच्या गृहस्थांनी मला कोपर मारून विचारलं, "असल में हुआ क्या था?" मी म्हटलं, "पैर दुख रहे थे."

परतल्यावर काही दिवसांनी सचिवांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मावशींची तब्येत कशी आहे?" मी आदल्याच दिवशी जाऊन आलो होतो. मावशी पाळीवर उभ्या राहून खालच्या शेतकऱ्याला पाणी जपून सोडायला बजावत होत्या, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"ठणठणीत," मी म्हटलं. हे सांगताना मला जो आनंद होतो, तो माझ्या पदाला शोभणारा नाही.