कापडात बांधलेली घंटा

आठ महिन्यांनी आमच्या गल्लीतलं महादेवाचं देऊळ उघडलं. फरशीवर चुन्याची वर्तुळं आखली होती, दाराशी सॅनिटायझरची बाटली होती आणि सभामंडपातली पितळी घंटा जुन्या धोतराच्या कापडात घट्ट बांधून ठेवली होती. तिला सगळ्यांचे हात लागू नयेत म्हणून.

मी माझ्या वर्तुळात उभा राहून पाहत होतो. येणारा प्रत्येक माणूस सवयीने हात वर करी, कापड दिसलं की थबके आणि तोच हात खाली आणून दुसऱ्याला जोडी. एक आजी मात्र गुरवावर चिडल्याच.

"अरे, घंटेला कसला मास्क घातलास?"

"आजी, तिला काय होतंय? तुम्हाला काही होऊ नये म्हणून."

माझी पत्नी बुटकी होती. तिचा हात घंटेपर्यंत पोचत नसे. म्हणून मी एकदा माझ्यासाठी आणि एकदा तिच्यासाठी घंटा वाजवायचो. "माझी हळू वाजवलीत," अशी तिची नेहमीची तक्रार. याच साथीत ती इस्पितळात वारली. मला तिला लांबूनही पाहू दिलं नाही.

देवळातले सगळे घंटा मोकळी होण्याची वाट पाहत होते. मला त्या कापडाचा आधार वाटत होता.

निघताना गुरव म्हणाला, "काका, सोमवारी कापड सोडतो हं."

मी मान हलवली. सोमवारी एकदा वाजवायची की दोनदा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.