कातळवाडीचा फाटा

लढाईच्या दिवसांत हौसेने प्रवास करणारा माणूस एकतर पुढारी असावा, नाहीतर वेडा. मी दोन्ही नव्हतो. माझा शाळासोबती यशवंता पलटणीबरोबर समुद्रापार निघाला तेव्हा म्हणाला होता, "बायकोचं पैलं बाळंतपण हाय. जमलं तर एकदा जाऊन ये, गड्या." म्हणून मी साताऱ्याहून निघालो.

पेट्रोल लढाईवर गेलेले, त्यामुळे मोटार कोळशाच्या वायूवर चालायची. उंब्रजला ती धापा टाकत उभी राहिली. ड्रायव्हर मागची भट्टी ढोसत बसला आणि आम्ही उतारू रस्त्यावर खोकत. कराडला मोटार बदलून विट्याच्या वाटेवर कातळवाडीच्या फाट्याला उतरलो, तेव्हा माझ्या कोटाचा रंग ओळखू येत नव्हता. गाव तिथून दोन कोस आत. वाटेतल्या ओढ्याने सडक खाल्लेली, बैलगाडीसुद्धा जात नव्हती.

रानात कुळव बायकाच हाकत होत्या. पारावर यशवंताचे चुलते, आबा, भेटले. गाव केवढे, असे मी विचारले.

"उंबरं लय हायती. पर पोरं समदी पलटणीत. आता बाया, लेकरं आन् म्हातारी. चालता-फिरता गडी म्हनशीला तर मीच," आबा म्हणाले. त्यांच्या हातात काठी होती.

यशवंताच्या आईने, सरूकाकूंनी, भाकरी आणि हुलग्याचे माडगे (पातळ कढण) वाढले. सून अनसूया सकाळपासून अडली होती. आतून तिचे कण्हणे ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुईण बाहेर आली. "माज्या हातातलं ऱ्हायलं न्हाई. कराडला न्या."

अनसूयेला बाजेवर (सुंभाच्या खाटेवर) निजवले. तीन कोपरे बायकांनी खांद्यावर घेतले, चौथा मी. आबा वाट दाखवत पुढे. ओढ्यात पायाखालचे दगड निसटत, बाज कलंडे, आणि अनसूया विचारी, "मोटार दिसतीया का?"

"ही काय, आलीच," काकू म्हणत. फाटा अजून टेकडीपलीकडे होता.

फाट्यावर बाभळीखाली आम्ही वाट पाहत बसलो. ऊन वर चढले, मग कलले. मोटार आली, पण त्याआधीच काकूंनी सुनेच्या तोंडावर पदर ओढला होता.

"मढं घेत न्हाई मी," ड्रायव्हर म्हणाला.

आबा खिडकीशी गेले. "न्यायचं न्हाई, बाबा, माघारी आनायचं हाय. बाया मढ्याला खांदा देत न्हाईत. आमी दोघंच गडी हाय. आनिक दोन खांदं द्या."

कुणी उतरले नाही. एका धोतरवाल्याने जात विचारली आणि उत्तर यायच्या आत मान फिरवली. मोटार धूर सोडत निघून गेली.

काकूंनी पदर खोचला आणि बाजेचा पुढचा कोपरा धरला.

"वैनी, रीत न्हाई ती."

"सकाळी खांदा दिला, तवा न्हाई आडवलंसा, भावजी."

आबांनी मान खाली घातली आणि ते बाजूला झाले. बाकीच्या बायाही पुढे आल्या. मी माझा कोपरा उचलला.

ओढ्यात काकू थांबल्या. "पावनं, ह्या वड्यात आमी बायांनीच धोंडं भरून सडक केलती. पोरं न्यायला लॉरी पार देवळापातूर आली. पावसानं सडक गेली, मग कुनी फिरकलं न्हाई." एवढे बोलून त्या पुन्हा चालू लागल्या.

तिसऱ्या दिवशी मी परत निघालो. साताऱ्याच्या रस्त्यावर समोरून पलटणीच्या लॉऱ्या आल्या, तशी आमच्या ड्रायव्हरने मोटार खाली उतरवून त्यांना वाट दिली. लॉऱ्यांत नवीन भरती झालेली पोरे होती, मिसरूड न फुटलेली. ती जयजयकार करत होती, हात हलवत होती. आमच्या मोटारीतल्या उतारूंनीही हात हलवले. मला संताप आला होता, पण त्या पोरांवर कसा काढणार? माझा हात मात्र उठला नाही. यांच्या घरी कुणी अडलेले नसो, एवढेच मी मनात म्हणत राहिलो.